सीसी वाढवण्याआधी सिलिंडरची भिंत मोजा

महोदय,

पुण्यात फोक्सवॅगनच्या जुन्या बीटल जिवापाड जपणारी मंडळी आहेत. इंजिन उघडण्याची वेळ आली की त्यांतील अनेकांना एकच सल्ला मिळतो : उघडलेच आहे, तर मोठे पिस्टन बसवून टाकू. काही वर्षांपूर्वी मीही तो मानला. 85.5 मिलिमीटर बोअरच्या (सिलिंडरच्या आतल्या व्यासाच्या) जागी 88 मिलिमीटरचे सिलिंडर क्रँककेसला (सिलिंडर ज्यात बसतात त्या इंजिनाच्या मुख्य सांगाड्याला) हात न लावता बसले, 1584 सीसीचे इंजिन जवळजवळ 1680 सीसीचे झाले आणि पहिल्याच मे महिन्यात दिवे घाटाच्या चढावर ते जाम झाले.

कारण मापातच होते. मूळ सोळाशे (1584) सीसी इंजिनाच्या क्रँककेसमधील भोक सुमारे 90 मिलिमीटरचे असते, म्हणजे सिलिंडरच्या तळाशी भिंत सव्वादोन मिलिमीटर जाड राहते. त्याच भोकात 88 चा सिलिंडर घातला की ती जेमतेम एक मिलिमीटर उरते. इतकी पातळ भिंत तापल्यावर गोल राहत नाही, पिस्टनभोवतीच्या रिंगा दाब धरत नाहीत, जळते वायू खाली उतरतात आणि आधीच तापलेले तेल आणखी तापते. याउलट क्रँककेसमधील भोक 96 आणि हेडमधील (सिलिंडरवरच्या झाकणातील) 98 मिलिमीटरपर्यंत मोठे करून 90.5 चे सिलिंडर बसवले, तर 69 मिलिमीटरचा स्ट्रोक (पिस्टनची चाल) तसाच ठेवून 1776 सीसी मिळतात आणि भिंत पावणेतीन मिलिमीटर, म्हणजे मूळ इंजिनाहूनही जाड राहते. मशिनिंगचा खर्च वाढतो हे खरे, पण भोसरीसारखी औद्योगिक वसाहत शेजारी असलेल्या शहराने हे काम टाळावे, याचे मला मनापासून वाईट वाटते. क्रँककेस मॅग्नेशियम मिश्रधातूचा असल्याने सिलिंडर व हेड आवळून धरणाऱ्या स्टडचे आटे सहज निघतात. त्यात पोलादी इन्सर्ट याच वेळी बसवून घ्यावेत.

बोअर वाढवून हेडमधील पोकळी तेवढीच ठेवली की कॉम्प्रेशन (मिश्रण दाबले जाण्याचे प्रमाण) आपोआप वाढते आणि त्याबरोबर उष्णताही. ती वाहून न्यायला येथे पाणी नाही. हवा आणि अडीच लिटर तेल एवढाच आधार आहे. जुन्या रचनेत ऑइल कूलर तिसऱ्या सिलिंडरच्या वाटेतच असल्याने त्याला कमी आणि गरम हवा मिळत असे, म्हणून कंपनीने 1971 च्या मॉडेलपासून तो पंख्याच्या आवरणाबाहेर वेगळ्या खोक्यात नेला. इंजिन वाढवणाऱ्याने आधी ही सुधारित रचना, इंजिनाभोवतीचे सगळे पत्रे आणि रबरी सील जागेवर आहेत ना, हे पाहावे. कार्ब्युरेटरचे जेटही (पेट्रोल मोजून सोडणारी छिद्रे) बदलावे लागतात, कारण पेट्रोल कमी पडलेले मिश्रण व्हॉल्व्ह जाळते.

आणखी एक बाब. इंजिनाची घनक्षमता नोंदणी प्रमाणपत्रावर असते आणि मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार त्यावरील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात चौकशी करणे आवश्यक आहे. ती मी केली नव्हती, ही माझी चूकच होती.

गॅरेजचालकांना माझी कळकळीची विनंती आहे की, त्यांनी बिलावर केवळ 'मोठे पिस्टन' असे न लिहिता बोअर, भिंतीची जाडी, डेक हाइट (पिस्टन सर्वांत वर असताना त्याचा माथा आणि सिलिंडरची वरची कड यांतील अंतर) आणि हिशेबाने काढलेले कॉम्प्रेशन ही चार मापे नोंदवून द्यावीत.

आपला,
एक बीटलधारक, कोथरूड, पुणे