नाटककारावर पैसे लावणारी मंडळी

महोदय, नाटकवेड्या वाचकांसाठी डब्लिनच्या ‘फिशॅम्बल’ या छोट्या, स्वतंत्र नाट्यसंस्थेविषयी दोन शब्द. 1988 मध्ये सुरू झालेली ही मंडळी 1990 पासून फक्त नवी आयरिश नाटकं करतात. सॅम्युएल बेकेट आणि जे. एम. सिंग या थोर नाटककारांची पुण्याई असलेल्या देशात जुनं नाटक लावून तिकिटं खपवणं तुलनेनं सोपं. पण यांनी तो मोह टाळला.

त्यांनी ‘आयरिश टाइम्स’ या दैनिकाला सोबत घेऊन थेट जनतेलाच नाटकं लिहायला सांगितलं. अट एकच, सहाशे शब्दांच्या आत! हौशे-नवशे सगळ्यांनी लिहून पाठवलं आणि 2012 मध्ये निवडक संहिता नावाजलेल्या लेखकांच्या संहितांबरोबरच रंगमंचावर आल्या. वृत्तपत्रानं नाटकाची नुसती जाहिरात न छापता नाटककार शोधायला मदत करावी, हे मला फार आवडलं.

पॅट किनेवन यांचं ‘सायलेंट’ हे याच संस्थेचं एकपात्री. बेघर टिनो मेलेल्या भावाचे आत्महत्येचे प्रयत्न जुन्या मूकपटाच्या थाटात, मूकपटांचा नायक व्हॅलेंटिनोच्या ऐटीत करून दाखवतो. प्रेक्षक आधी हसतो, मग चपापतो. 2016 मध्ये या नाटकाला लंडनचा ऑलिव्हिए हा नाट्यपुरस्कार मिळाला.

अर्थात तिथं कला परिषदेचं अनुदान असतं, हे विसरून चालणार नाही. आपल्याकडे एकांकिका स्पर्धांतून दमदार लेखक दिसतात, करंडक मिळतो आणि पुढे कुणी विचारत नाही. त्यांच्या पहिल्या दोन अंकी नाटकासाठी एखादं दैनिक पुढं येईल का?

– एक नाट्यप्रेमी वाचक, डोंबिवली