मुरानोला येण्याआधी

पादोव्हा, इटली

ती. बाबा व सौ. आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

इथे आलात की एक अख्खा दिवस मुरानोसाठी ठेवायचा. आगीच्या भीतीने व्हेनिसच्या सरकारने 1291 मध्ये शहरातल्या काचेच्या भट्ट्या या बेटावर हलवल्या, तेव्हापासून काचकाम तिथेच. ऑगस्टमध्ये बरेच कारखाने सुट्टीवर असतात, म्हणून तिकिटं सप्टेंबरचीच काढा.

इथून व्हेनिसला रेल्वेने अर्धा तास. स्टेशनसमोरच बोटीचा धक्का आहे. 75 मिनिटांचं तिकीट साडेनऊ युरोला, जायला एक आणि यायला एक. चढण्याआधी ते धक्क्यावरच्या यंत्राला टेकवायचं, नाहीतर तिकीट हातात असूनही दंड होतो. 'कोलोन्ना'ला उतरायचं.

आधी भट्टी बघायची, दुकानं शेवटी. कारागीर लोखंडी नळीच्या टोकावर वितळलेली काच गुंडाळून घेतो. ती काकवीसारखी असते, नळी फिरवायची थांबली की एका बाजूला ओघळते. पाहुण्यांना बहुधा घोडा करून दाखवतात. चिमट्याने मान ओढली, आयाळ चिमटली, पाय खेचले, की दोन-तीन मिनिटांत घोडा उभा! बाबा, पाय खेचताना नीट बघा. केशरी रंग उतरत जातो आणि तो पुरता उतरायच्या आत हात थांबवावा लागतो. इथली काच सोड्याची, बराच वेळ मऊ राहते, म्हणून एवढं बारीक काम साधतं.

तो घोडा मात्र मागू नका. उघड्यावर निवला तर बाहेरून आधी कडक होतो, गाभा मागाहून आकसतो आणि ताणाने तडकतो, कधी दुसऱ्या दिवशीसुद्धा. विकायची वस्तू सुमारे 500 अंशांच्या वेगळ्या भट्टीत ठेवून तासन्‌तास हळूहळू निववतात. जाड असेल तर आणखी वेळ. दोन रंगांच्या काचा सारख्या आकसल्या नाहीत, तर जोडावरच फुटतात. फुंकणं डोळ्यांत भरतं, पण वस्तू टिकते ती या निववण्यामुळे.

म्युझियममध्ये 15व्या शतकातली 'क्रिस्टालो' ही नितळ, रंगहीन काच चुकवू नका. वाळूतल्या लोखंडाची हिरवट झाक इथल्या कारागिरांनी मँगनीज घालून घालवली होती.

आई, पेले घ्यायचे तर अस्सल मुरानो काचेची खूण म्हणून 'वेत्रो आर्तिस्तिको मुरानो'चं लेबल बघ. त्यावर कारखान्याचा क्रमांक असतो. पेल्यात मोजे कोंबून, वर टॉवेल गुंडाळून हातातल्या बॅगेतच ठेव.

कळावे,
तुमची लेक