माळ्यावरच्या आवाजाबद्दल बंडूस पत्र

शुक्रवार पेठ, कोल्हापूर
१८ नोव्हेंबर

प्रिय बंडू,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या दोन पत्रांना मी उत्तर दिले नाही, त्याबद्दल तू मनातल्या मनात घातलेल्या सगळ्या शिव्या मला मान्य आहेत. माझी साखर आटोक्यात आहे, गुडघा नाही. प्रकृतीचे प्रकरण एवढ्यावर संपले. लिहायचे आहे ते आमच्या माळ्याबद्दल, आणि ते तुझ्यावाचून दुसऱ्या कोणाला लिहिण्यासारखे नाही.

आश्विनात घरात रात्रीचे आवाज सुरू झाले. दहा-अकराच्या सुमारास टकटक, दीड-दोनच्या पुढे कोणीतरी दबक्या पावलांनी माळ्यावरून चालल्यासारखे, आणि पहाटे चारला भिंतीतून घशातल्यासारखी गुरगुर. सूनबाई तर एका रात्री उठून स्वयंपाकघरात गेली, कारण तिला आंबेमोहोर शिजत असल्याचा वास आला होता. चुलीवर काहीही नव्हते. त्या वासाचे कळल्यावर धाकटी बहीण जयसिंगपुराहून धावत आली आणि तिने एका देवऋष्याचे नाव सुचवले. मी तिला २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा समजावून सांगू लागलो, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी शांतपणे विचारले, “मग आज रात्री त्या कायद्यालाच माळ्यावर झोपायला पाठवू का?”

तुला हसू येत असेल. चाळीस वर्षे पोरांना पदार्थविज्ञान शिकवलेला माणूस, ज्याने तुला अमावास्येच्या रात्री पंचगंगेच्या स्मशानात नेऊन पैजेची मिसळ वसूल केली (तू पैज हरला नव्हतास, मीच घड्याळ पुढे केले होते, हेही आता कबूल करतो), तोच बॅटरी घेऊन रात्री शिडीवर उभा. पण मी पद्धतशीर तपास केला. परसातल्या पडवीवरचा पत्रा पाच मीटर लांब आहे. दिवसभर तापून रात्री तो पंधरा अंशांनी निवला, तर जवळजवळ एक मिलिमीटर आखडतो. खिळ्यांनी धरून ठेवलेला पत्रा सावकाश आखडत नाही, तो अडून बसतो आणि एकदम सुटतो. दहाची टकटक ती. तुळयाही आपल्या परीने तेच करतात. चारची गुरगुर म्हणजे नळाला पाणी येण्याआधी नळीत कोंडलेली हवा. राहिली पावले आणि भाताचा वास. त्यासाठी मी माळ्यावर चाळणीने रांगोळी पसरली आणि सकाळी पाच बोटांचे सुबक ठसे मिळाले. कांडेचोर! काळमांजर म्हण हवे तर. कौल सरकलेल्या भोकातून येते, परसातले पेरू खाऊन माळ्यावर बियांची रास घालते. त्याच्या अंगच्या ग्रंथींना सुवासिक तांदूळ शिजल्यासारखा वास येतो, म्हणून बंगाली लोक त्याला गंधगोकुळ म्हणतात. वन्यजीव कायद्यामुळे त्याला हात लावता येत नाही, हे कळल्यापासून सौभाग्यवती त्याला ‘भाडेकरू’ म्हणतात.

हा शब्द तुला लागेल हे मला ठाऊक आहे, आणि खरे पत्र येथूनच सुरू होते.

१९७८ च्या मार्गशीर्षात तुम्हा लोकांच्या खोलीवर जे आवाज होत होते आणि ज्यांच्या भीतीने काकूंनी संक्रांतीच्या आत बिऱ्हाड राजारामपुरीत हलवले, ते आवाज मी केले होते. गणपतीत मंडळाच्या पावनखिंडीच्या देखाव्यात तू बाजीप्रभू झालास आणि मला सिद्दीचा शिपाई केले. शिवाय तू खिंडीत उभा असताना माझ्या तोंडावर खरोखरची लाथ मारलीस, जी तू आजवर अपघात म्हणतोस. तीन महिने मी तो राग सांभाळला आणि मग भोवरा जाळीला बांधून तुमच्या खोलीवरच्या फळीवर आपटला. रोज तीन ठोके. तू घाबरावास एवढाच हेतू होता, पण तू ढाराढूर झोपलास आणि काकू जाग्या राहिल्या. कोयनेच्या भूकंपाच्या पहाटे, ११ डिसेंबर १९६७ ला, आपल्या दोघांना दोन काखांत घेऊन चौकात धावलेली ती बाई. वर काहीही हलले की तिचा जीव कसा उडायचा, हे आपण लहानपणापासून पाहत होतो. तिसऱ्या रात्री खालून काकूंचे रडणे ऐकू आले, तेव्हा मी भोवरा गुंडाळला आणि पुन्हा माळ्यावर चढलो नाही.

मी तीन रात्री आवाज केले, बंडू. काकू अकरा रात्री सांगतात.

हा हिशोब मला ठाऊक नव्हता असे नाही. तुझ्या लग्नात, बाबांच्या तेराव्याला, दर वेळी त्यांनी अकराच रात्री सांगितल्या, आणि मी दर वेळी मनात म्हटले की भीतीला मोजता येत नाही. नोकरीत असताना मी या विषयावर बरेच वाचले, ते पोरांना शिकवण्यासाठी असे सांगायचो. खरे कारण काकूंच्या आठ जादा रात्री हे होते. इंग्लंडात एका प्रयोगशाळेत व्हिक टँडी नावाच्या अभियंत्याला भुताचा भास व्हायचा. पुढे ध्यानात आले की नव्या पंख्यामुळे खोलीत सेकंदाला सुमारे एकोणीस कंपनांचा, कानाला न ऐकू येणारा नाद घुमत होता. त्याने ते १९९८ मध्ये छापले. त्याहून मला आवडले ते अमेरिकेतल्या डॉ. विल्मर यांनी १९२१ मध्ये नोंदवलेले घर: कुटुंबाला पावले ऐकू येत, डोकी दुखत, झाडे सुकत, आणि कारण निघाले ते बिघडलेल्या भट्टीतून घरात पसरणारा कार्बन मोनॉक्साइड. तुमच्या खोलीत थंडीत काकू कोळशाची शेगडी आत घेऊन दार-खिडकी लावायच्या, हे आठवल्यावर मला केवढे हायसे वाटले म्हणून सांगू! तीन रात्री माझ्या, आठ शेगडीच्या. ही वाटणी मी पंचवीस वर्षे उराशी धरून बसलो होतो.

गेल्या आठवड्यात कौल बसवायला माळ्यावर सरपटत गेलो आणि तुमच्या खोलीच्या बरोबर वर, दोन तुळयांच्या बेचक्यात, मला वरवंटा सापडला. आमचा वरवंटा. एका टोकाचा टवका उडालेला, तोच. तो त्याच हिवाळ्यात हरवला होता, भांडी घासणाऱ्या बाईंवर आळ आला होता आणि त्या रडत काम सोडून गेल्या होत्या, हे तुलाही आठवत असेल. त्याला दोन्ही टोकांकडून चिंधी गुंडाळलेली आहे आणि मध्ये नाडी बांधलेली आहे, जी हातभर अंतरावर उंदरांनी कुरतडली आहे. चिंधी हिरव्या काठाच्या इरकली लुगड्याची आहे. ते लुगडे कोणाचे, हे मी तुला सांगायला नको.

माळ्याची शिडी फक्त आमच्या स्वयंपाकघरातून होती. वैशाखात दादाचे लग्न ठरले होते आणि घरात त्याला देण्याजोगी खोली नव्हती. पंचवीस रुपये भाड्याच्या कुटुंबाला खोली सोडायला लावणे त्या काळच्या भाडेकायद्यात कोर्टकचेरीवाचून जमणारे नव्हते, आणि जमले असते तरी आमच्या अण्णांनी तसा शब्द तोंडातून काढला नसता. माझे तीन ठोके आईने ऐकले असतील का? ऐकून, हा उद्योग कोणाचा हे ओळखून, मी जेथे सोडला तेथून तिने तो पुढे चालवला असेल का? ज्या बाईने तुमचे सामान हातगाडीवर चढताना काकूंच्या गळ्यात पडून रडून घेतले, जी नंतर वीस वर्षे तुमच्याकडे पुरणपोळीचा डबा पाठवत राहिली, तीच तू ‘आक्का’ म्हणायचास ती बाई मध्यरात्री अंधारात दगड ओढत बसली असेल, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोर उभे राहत नाही. आणि रोज रात्री उभे राहते. ती जाऊन तीन वर्षे झाली. विचारायचे कोणाला? दादाला विचारले तर तो म्हणेल की वरवंटा उंदरांनी नेला.

घर पछाडलेले असू शकते का, असे तू मला कॉलेजच्या दिवसांपासून विचारत आलास आणि मी ‘नाही’ म्हणत आलो. आजही नाहीच म्हणतो, फक्त ते म्हणताना आवाज पूर्वीसारखा खणखणीत निघत नाही. कांडेचोराला माफी आहे, पत्र्याला आहे, शेगडीला आहे. वरवंट्याला चिंधी गुंडाळायला मात्र हात लागतात.

तुझ्या नातवाच्या बारशाला येता आले नाही, तरी अभिनंदन. नाव छान आहे, उच्चारायला जड आहे. सूनबाईंना कायमची नोकरी मिळाल्याचे वाचून बरे वाटले. तुझे मोतीबिंदूचे काय झाले, ते लिही.

आता काम. काकूंची स्मृती शाबूत आहे असे तू लिहिले होतेस. त्यांना एकच गोष्ट विचार, आणि कशासाठी ते सांगू नकोस. शहाऐंशीव्या वर्षी त्यांच्याजवळची एकुलती एक भुताची गोष्ट काढून घेण्याचा मला अधिकार नाही. आवाज एका जागी ठोकल्यासारखा यायचा, की या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत घरंगळत जायचा, एवढेच विचार. पहिल्या तीन रात्री कोणता आणि पुढे कोणता, हेही त्यांनी आपण होऊन सांगितले तर ऐकून ठेव. उत्तर मात्र फोनवर सांगू नकोस, येथे सगळे फोन लाउडस्पीकरवर घेतात. पत्रच लिही. वरवंटा मी चिंधीसकट माझ्या कपाटात कुलपात ठेवला आहे, आणि घरात सध्या मिक्सर आहे, त्यामुळे कोणी शोधत नाही.

तुझा,
बाळ