गावाच्या आरोग्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडा

महोदय,

15 ऑगस्टच्या ग्रामसभांच्या नोटिसा आता गावोगाव निघतील. घरकुलांची यादी, पाणीपट्टी, रस्त्यांची कामे हे विषय त्यात असतीलच. आरोग्याच्या वाट्याला फार तर एक ओळ येते: ‘आरोग्यविषयक योजनांची माहिती देणे’. माहिती दिली जाते, माना हलतात आणि पुढचा विषय सुरू होतो. आरोग्य खात्यात गावपातळीवर नोकरी करून मी निवृत्त झालो आहे. गावाच्या आरोग्याचे काम नेमके इथेच अडते, असे माझे ठाम मत आहे. या वर्षी आपल्याला काय साधायचे आहे, हे गाव आणि खाते यांनी एकत्र बसून कधी ठरवलेलेच नसते.

यंत्रणा नाही असे नाही. 2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि त्यातून गावाला आशाताई मिळाल्या. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आहे. तिच्यासाठी वर्षाला 10 हजार रुपयांच्या अबंधित निधीची तरतूद आहे, म्हणजे गावाला जी गरज वाटेल तिच्यावर खर्च करता येणारा पैसा. प्रत्यक्षात मी काय पाहिले? मार्च जवळ आला की सह्यांची धावपळ, वजनकाट्याची किंवा खुर्च्यांची पावती आणि न झालेल्या बैठकीचे इतिवृत्त. आपण समितीच्या सदस्य आहोत हे ठाऊक नसलेल्या बायाही मला भेटल्या आहेत. याबद्दल ग्रामसेवक किंवा आशाताईंना दोष देणे मला पटत नाही. इतके लसीकरण, इतके रक्तनमुने, इतक्या शस्त्रक्रिया, अशी उद्दिष्टे वरून ठरून येतात. ती गाठायची जबाबदारी एएनएम (उपकेंद्रातल्या परिचारिका) आणि आशाताईंच्या डोक्यावर असते. मग गावाने समितीत बसून करायचे तरी काय?

आमच्या आष्टी तालुक्याला लागून जामखेड आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे 1970 साली तिथे आले ते आरोग्यसेवा द्यायला. गावांची मागणी मात्र वेगळी होती: आधी पाणी, आधी अन्न. पाठोपाठ 1972 चा दुष्काळ पडला. आरोळे दांपत्याने गावाचा हा क्रम मान्य केला. मुलांसाठी गावकऱ्यांच्या हातची सामूहिक स्वयंपाकघरे चालली, विंधनविहिरी घेतल्या गेल्या. हातपंप दलित वस्तीत बसतील याची त्यांनी काळजी घेतली, त्यामुळे साऱ्या गावाला पाण्यासाठी तिथे यावे लागले. स्वच्छ पाण्याने जुलाब-हगवण कमी झाली ती झालीच, शिवाय गाव एका ठिकाणी येऊ लागले. शेतीच्या गप्पांसाठी सुरू झालेली शेतकरी मंडळे हळूहळू मुलांची वजने घेऊ लागली.

मुक्कामी राहायला परिचारिका मिळेनात, तेव्हा गावातल्याच बाईला शिकवा, ही सूचनाही गावाकडूनच आली. गावांनी आपापल्या बाया निवडल्या. त्यांतल्या बहुतेक निरक्षर होत्या, अनेक दलित समाजातल्या. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, एकत्र जेवत, एकत्र मुक्काम करत, बाळंतपण, कुष्ठरोग, क्षय, कुपोषण यांबद्दल शिकत आणि परत जाऊन गावात ते वापरत. सुरुवातीला तिथे हजार जन्मांमागे 176 बालके वर्षाच्या आत दगावत होती. 1976 पर्यंत हा आकडा 52 वर आला. एवढ्या कमी काळात, एवढ्या कोरड्या मुलखात! सरकारी नोकरीत असताना या आकड्यांचा विचार मी पुष्कळ वेळा केला आहे. औषधे त्यांच्याकडे होती तशीच आमच्याकडेही होती. आपल्या गावात आता मूल दगावू द्यायचे नाही, हा गावाचा स्वतःचा निर्धार आमच्याकडे नव्हता.

गडचिरोलीतही हेच दिसले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी सुरुवातीला सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर संशोधन केले. विषय शास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचाच होता, पण लोकांना तो आपला वाटला नाही. पुढे त्यांनी लोकांना विचारून काम आखायला सुरुवात केली. दवाखान्याला माँ दंतेश्वरीचे नाव मिळाले, बांधणीही आदिवासींना परकी वाटणार नाही अशी झाली. गावातल्या बायांनी घरोघरी जाऊन केलेल्या नवजात बालसेवेने अर्भकमृत्यू निम्म्याहून अधिक कमी झाले.

हे मोठ्या संस्थांचेच काम, असे कोणी म्हणेल. पण 2007 साली आपल्या राज्याने अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीची प्रक्रिया सरकारी यंत्रणेतच सुरू केली होती. गावकरी आपल्या उपकेंद्राला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला हिरवा, पिवळा किंवा लाल शेरा देत आणि जनसुनवाईत अधिकारी लोकांसमोर उत्तरे देत. आम्हा कर्मचाऱ्यांना याची धास्ती वाटे, हे खरे. पण औषधे का नाहीत, पद रिक्त का आहे, हा प्रश्न जेव्हा अख्खे गाव विचारते, तेव्हा कर्मचाऱ्याचेही बळ वाढते. तो वर्षानुवर्षे हेच वरिष्ठांना लिहून कळवत असतो.

हिवरे बाजारची ग्रामसभा दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते. पाऊस किती झाला, पाणी किती उरले, त्यावर कोणती पिके घ्यायची, हे सगळ्यांसमोर ठरते. प्रत्येक गावाने आरोग्याचा असाच ताळेबंद मांडावा, अशी माझी मागणी आहे. गेल्या वर्षी गावात किती बाळे जन्मली, किती दगावली आणि का. किती बायांचे रक्त कमी भरले. क्षयाचे उपचार कोणाचेही नाव न घेता किती जणांनी पुरे केले. अबंधित निधी कशावर गेला. पाण्याच्या स्रोतांच्या तपासणीनंतर ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. ते कपाटात न ठेवता सभेत दाखवावे. पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर पाण्यात पडते की गोदामात दगड होते, तेही सांगावे. मग गावाने वर्षासाठी एक किंवा दोनच उद्दिष्टे ठरवावीत. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी त्याच सभेत उभे राहून खाते त्यासाठी काय देणार हे सांगावे आणि दोन्ही बाजूंच्या जबाबदाऱ्या ठरावात लिहाव्यात. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायचे कायद्यातच आहे. तिथे बाया जे बोलतील ते ग्रामसभेत वाचले जावे, कारण पुरुषांपुढे पांढरे जाणे, पिशवीचे दुखणे यांवर त्या बोलणार नाहीत.

बीड जिल्ह्यासाठी 2 ऑक्टोबरची ग्रामसभा तर फार मोलाची आहे. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत ऊसतोडीला टोळ्या निघतात. गर्भार बाया आणि लसीकरण अर्धे राहिलेली मुले त्यांच्याबरोबर जातात आणि गावाच्या नोंदवहीतून सहा महिने नाहीशी होतात. कोण कोणत्या कारखान्याला चालले आहे, कोणाचे दिवस कधी भरतात, याची यादी मुकादमांना बसवून त्याच वेळी झाली, तर आशाताईंना तिकडच्या आरोग्य केंद्राला कळवता येईल. ऊसतोड बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांवरून 2019 मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. गावोगावच्या आरोग्य समित्या खरोखर भरत असत्या, तर हा विषय कितीतरी आधी कोणाच्या तरी इतिवृत्तात आला असता.

जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी 15 ऑगस्टच्या विषयपत्रिकेत आरोग्याचा ताळेबंद हा स्वतंत्र विषय घालण्याचे परिपत्रक काढावे, अशी आपल्या वृत्तपत्रातून विनंती करतो. आपल्या तालुका वार्ताहरांनीही त्या दिवशी प्रत्येक तालुक्यातल्या निदान एका ग्रामसभेत बसून, गावाने कोणते उद्दिष्ट ठरवले ते छापावे आणि पुढच्या वर्षी त्याच गावात जाऊन त्याचे काय झाले तेही छापावे.

आपला,
एक निवृत्त आरोग्य कर्मचारी,
ता. आष्टी, जि. बीड