चार फॉर्म आणि एक वाडगा

चि. चिऊ,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू चार कार्यशाळांची नावं एका दमात सांगितलीस. "भरू ना फॉर्म?" असं विचारलंस आणि मी तोंड उघडायच्या आत "बघ आणि कळव" म्हणून फोन ठेवूनही दिलास. चाकावरची मातीची भांडी सहा दिवस, उन्हात निळे ठसे घ्यायचं सायनोटाइप दोन दिवस, पुस्तकबांधणी चार दिवस आणि हातमाग सात दिवस. सगळ्यांची माहिती रात्री बसून वाचली. फॉर्म एकच भर. फारच जीव तुटत असेल तर दोन. आता तू भुवया चढवणार, म्हणून फोन न करता लिहायला बसलेय. पत्रात तुला मध्येच बोलता येत नाही.

पैशांचं म्हणशील तर तो माझा प्रश्न, त्यात तू पडू नकोस. दगदगीचंही काही नाही, तुझ्या वयात दगदग सोसतेच. मला खटकतंय ते तू केलेलं वेळापत्रक. एक संपली की दुसऱ्या दिवशी दुसरी, मध्ये एकही रिकामा दिवस नाही. असंच वेळापत्रक मी एकदा केलं होतं.

तुझ्याहून दोन वर्षांनी मोठी असेन. उन्हाळ्याची सुट्टी होती. मातीकामाची दोन आठवड्यांची कार्यशाळा आणि ती संपायच्या आदल्या दिवशीच सुरू होणारी भरतकामाची दुसरी, अशा दोन्हींना मी नाव घातलं होतं. मातीकाम शिकवणाऱ्या सरांनी पहिले दोन दिवस आम्हाला चाकाजवळ फिरकूही दिलं नाही. नुसती माती मळायची. मळून झाली की तारेने गोळा मधोमध कापायचा आणि कापलेला भाग त्यांना दाखवायचा. त्यात बारीक भोकं दिसली की म्हणायचे, "हवा आहे, परत." माझा गोळा पाच वेळा परत आला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मनगटं इतकी दुखत होती की वेणी घालता येईना. मनातल्या मनात मी त्यांना काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

मग चाक. चाकावर गोळा ठेवला की तो डुगडुगतो आणि आपण त्याला हातांनी धरून जागेवर आणायला जातो. गोळा आपल्यालाच हलवतो. चुकतं ते इथेच. कोपर मांडीत घट्ट रोवायचं, अंग पुढे झुकवायचं आणि हात हलूच द्यायचे नाहीत. फिरणारी माती त्या न हलणाऱ्या हातावर घासत घासत आपसूक मधोमध येते. हे ऐकायला सोपं आहे. मला जमायला तीन दिवस लागले आणि जमलं तेव्हा काय वेगळं केलं ते मला सांगता येईना. आजही येत नाही. पण हाताखालचा गोळा एकदम शांत झाला, चाक फिरतंय की थांबलंय कळेना, तो क्षण मला अजून आठवतो.

दुसऱ्या आठवड्यात मी एक मोठा रांजण केला. रांजण कसला, गुडघ्याएवढं मडकं, पण मला तो रांजणच वाटत होता. बूड चांगलं बोटभर जाड राहिलं होतं. भट्टी लावायचा दिवस आला तेव्हा सरांनी ते उचललं, बूड गालाला लावलं आणि बाजूला ठेवलं. "गार लागतंय. आत ओल आहे. पुढच्या भट्टीला." पुढची भट्टी आठ दिवसांनी, आणि मी तर दोन दिवसांत निघणार होते! भरतकाम वाट बघत होतं. रात्री सगळे झोपल्यावर मी भट्टीतली मांडणी थोडी सरकवली आणि मडकं मागच्या कोपऱ्यात ठेवून आले.

भट्टीत भांडं फुटतं ते मातीत राहिलेल्या हवेच्या बुडबुड्याने, असं बरेच जण सांगतात. मळताना हवा काढायची ती मुख्यतः चाकावर माती उसळू नये म्हणून. भट्टीतला खरा गुन्हेगार ओल असते. १०० अंशांना पाण्याची वाफ होते, जाड बुडातून तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि ती भांडं फोडून निघते. एकटं तेच भांडं फुटलं तर ठीक. तुकडे शेजाऱ्यांवर जाऊन आदळतात. भट्टी उघडली तेव्हा माझ्या मडक्याबरोबर तिघांची भांडी गेली होती. त्यातली एक मुलगी दोन आठवड्यांत फक्त तीनच वाडगे करू शकली होती, तिचे दोन फुटले.

सरांनी काही विचारलं नाही. माझ्या हातात ब्रश दिला आणि भट्टीच्या फळ्या साफ करायला सांगितलं. एवढंच. कुणाचं मडकं ते त्यांना ठाऊकच होतं, माझ्याखेरीज तेवढं जाड बूड करणारं तिथे कोणी नव्हतं. त्या मुलीला मी संध्याकाळी सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली. दुसऱ्या दिवशी मी सामान बांधत होते तेव्हा आली आणि वाचलेला तिसरा वाडगा माझ्या पिशवीत ठेवून गेली. का ते मला आजवर कळलेलं नाही.

माझ्या टेबलावर टाचण्या आणि खोडरबर ठेवलेला तो एका बाजूला कललेला वाडगा तिचा आहे. तू लहानपणापासून सगळ्यांना "हा माझ्या आईने केलाय" म्हणून दाखवत आलीस आणि मी कधी खोडून काढलं नाही. आता सांगितलं.

भरतकामात पुढे काय झालं विचारशील. एक रुमाल अर्धा झाला. तो कुठे गेला कोण जाणे.

आता तुझ्या सहा दिवसांचं. माहितीत लिहिलंय, "स्वतः घडवलेलं भांडं घरी न्या." हिशोब कर. मळणं आणि गोळा मधोमध आणणं यात तीन दिवस जातील, तुझा हात माझ्याहून चांगला असला तर दोन. जरा जाड भांडं नीट वाळायला आठवडा सहज लागतो. मग पहिली भाजणी, साधारण १००० अंशांची. ती घाईने करताच येत नाही, कारण ५७३ अंशांना मातीतल्या गारेच्या, म्हणजे क्वार्ट्झच्या, कणांचं आकारमान झटकन बदलतं. तिथे चढताना किंवा उतरताना घाई केली तर भांडं तडकतं. मग थंड होणं, मग झिलई, मग दुसरी भाजणी. हे सगळं सहा दिवसांत कुठे बसतं? एक तर भांडं ते लोक नंतर भाजून पाठवत असतील किंवा आधीच कोणीतरी केलेल्या भांड्यावर तुम्ही नुसता रंग देत असाल. फॉर्म भरण्याआधी हे विचार. चाक किती जणांत एक, तेही विचार. आणि संध्याकाळी शिकवणं संपल्यावर कामाची जागा उघडी ठेवतात का? हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. दिवसा समोर दाखवतात ते रात्री एकटीने करून बघितल्याशिवाय हातात उतरत नाही.

सायनोटाइप दोन दिवसांचं आहे आणि तेवढं पुरे. लोहाचे क्षार लावलेला कागद, त्यावर पान किंवा पीस, वर काच, मग ऊन आणि शेवटी पाण्याने धुणं. जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४२ मध्ये हे शोधलं आणि दुसऱ्याच वर्षी वनस्पतींचा अभ्यास करणारी अ‍ॅना अ‍ॅटकिन्स समुद्रशैवालाचे निळे ठसे घेऊन पुस्तक करायला बसली होती. सुंदर निघतं आणि पहिल्याच दिवशी निघतं. म्हणूनच ते मी तुझ्या यादीतून आधी काढलं. ते तू घरी गच्चीवरही करशील.

पुस्तकबांधणीचं माझं मन होत नाहीये काढायला. त्याची चव आत्ता इथेच घे. एक कोरा कागद टेबलावर ठेव, उभा अर्धा वाकव आणि न मोडता वर हलकेच दाब. मग तसाच आडवा वाकवून दाब. एका बाजूने तो मुकाट्याने वाकेल, दुसऱ्या बाजूने उसळेल. ज्या घडीने सहज वाकतो त्या घडीच्या रेषेत कागदाचे धागे धावतात. फाडून बघ, त्या दिशेने सरळ फाटेल आणि दुसऱ्या दिशेने वेडावाकडा. वहीच्या पाठीला हे धागे समांतर हवेत, नाहीतर गोंदाची ओल लागली की पुठ्ठा वळतो आणि पानं नीट उलटत नाहीत. इतकी वर्षं कागद हाताळते, पण हे मला चाळिशीनंतर कळलं. चार दिवसांत एक वही पुरी होते, त्यामुळे दोन फॉर्म भरलेस तर दुसरा हा असू दे. कापताना नवं पातं घे आणि एका जोराच्या घावाऐवजी चार हलके घाव घाल. बोथट पात्यावर जोर द्यावा लागतो, मग ते घसरतं आणि बोटावर येतं.

हातमागाबद्दल तू म्हणालीस, "बोअर असेल, पण तिथे जागा आहे." बाउहाउस ही कलाशाळा १९१९ मध्ये जर्मनीत वायमारला सुरू झाली. अ‍ॅनी आल्बर्स तिथे १९२२ मध्ये गेली. तिला काचकाम शिकायचं होतं. बायकांना बहुतेक विणकामाकडेच वळवत, तशी तीही तिकडे आली आणि सुरुवातीला नाखूशच होती. १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये एकटीच्या कामाचं प्रदर्शन झालेली ती पहिली विणकर. बायकांना असं ढकलणं बरोबर होतं असं मी म्हणत नाही, उलट रागच येतो. पण नाखुशीने हातात आलेल्या धाग्याशी ती टिकून राहिली.

आणि बोअर तर होणारच. वीतभराहून थोडा रुंद, ३० सेंटीमीटरचा पट्टा घे. सेंटीमीटरला सहा धागे धरले तर ताण्याचे, म्हणजे मागावर उभे ताणलेले, १८० धागे झाले. प्रत्येक आधी एका छिद्रातून आणि मग फणीतून ओवायचा, म्हणजे ३६० वेळा. त्यात चाळीसावा धागा चुकला तर ते कळतं विणायला लागल्यावर. मग पुढचे सगळे उपसायचे. सात दिवसांतले दोन-तीन यातच जातील आणि तोवर आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला हातही लागणार नाही. मला विचारशील तर तुझ्या चारांतली हीच सगळ्यात प्रामाणिक कार्यशाळा आहे, कारण माहितीत त्यांनी लिहिलंय की पहिले दोन दिवस विणकाम नाही.

फुटलेल्या, फसलेल्या वस्तूंचं वाईट वाटून घेऊ नकोस, असं मी सांगणार नाही. वाईट वाटतंच. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामध्ये ब्लॅक माउंटन नावाचं एक छोटं कॉलेज होतं. १९४८ च्या उन्हाळी सत्रात बकमिन्स्टर फुलर हा वास्तुरचनाकार तिथे शिकवायला गेला. खिडकीच्या पडद्यांच्या धातूच्या पट्ट्यांचा घुमट मुलांकडून जोडून घेतला. उभारायची वेळ आली तेव्हा तो जमिनीवरच पसरून राहिला, उठलाच नाही. पुढच्या उन्हाळ्यात तो परत गेला आणि पुन्हा घुमटच करायला घेतला, वेगळ्या सामानाचा. तो उभा राहिला.

मातीकाम घेतलंस तर एक कर. तुझं सगळ्यात छान जमलेलं भांडं ओलं असतानाच तारेने उभं कापून दोन भाग कर. भिंत कुठे जाड, कुठे पातळ, बूड किती राहिलंय, सगळं एका नजरेत दिसेल. मला कापवलं नव्हतं, म्हणून तर ते बोटभर बूड. न भाजलेली माती पाण्यात टाकली की पुन्हा चिखल होते, काही वाया जात नाही. एकदा भाजली की मात्र ती परत माती होत नाही. आणि टेबल ओल्या फडक्यानेच पुस. सुकी माती झाडू नकोस, तिची धूळ फुप्फुसाला वाईट.

ठरवलंस की कळव. माती की माग, दोन्हीला माझी ना नाही. दोन्ही मात्र नको.

तुझी,
आई

ता. क. माती ठरली तर निघायच्या आधी नखं काप. सगळी, उजव्या हाताचीसुद्धा. तू ती मोठ्या हौसेने वाढवली आहेस हे मला माहीत आहे.