पडलीस तर मला सांग

हरिपूर,
मंगळवार, दुपार

चि. लाडक्या लेकीस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलायचं मनात होतं. पण फोनवर मी आधी रडते आणि मग तूच मला समजावत बसतेस, म्हणून लिहिते. दोन किलोची ऑर्डर होती, तेवढी भडंग करून कढई उतरवली, हात धुतले आणि तुझ्या बारावीच्या वहीची मागची कोरी पानं घेऊन बसले. बाबा सायकलनं यार्डात गेलेत. हळदीचे सौदे जोरात आहेत, रात्री नवाच्या आत काही यायचे नाहीत.

गेल्या आठवड्यात तुमच्या राफ्टिंगच्या टीममधल्या कऱ्हाडच्या मुलीच्या आईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि त्या म्हणाल्या, "तुमची लेक धीराची हो. राफ्टखाली अडकली होती, तरी दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी पाण्यात." मी म्हणाले, "हो ना." जसं काही मला सगळं ठाऊकच होतं. फोन ठेवला तोवर तेलातला लसूण काळा पडला होता. ती सगळी फोडणी टाकून दिली.

रात्री बाबांना विचारलं. ते भाकरी मोडत होते, मोडतच राहिले. मग म्हणाले, "मला बोलली होती ती. आईला सांगू नका म्हणाली." बारा दिवस तुम्हा दोघांना माहीत होतं आणि मी रोज तुला विचारत होते, जेवलीस का, थंडी वाजते का.

मग त्यांच्याकडून सगळं काढून घेतलं. राफ्ट, म्हणजे तुमची ती रबरी बोट, दगडावर आडवी आली, एका बाजूनं वर उचलली गेली आणि उलटली. पाच जणी बाजूला पडल्या, तू खाली राहिलीस. जॅकेट अंगाला वर ढकलतं, पण वर राफ्टचाच तळ. तळाला तळहात टेकवायचे आणि एकाच दिशेनं हात टाकत टाकत सरकायचं, मधेच दिशा बदलायची नाही, की कडेला बाहेर येतोच. असं तुम्हाला शिकवलंय आणि तू तसंच केलंस, असं बाबा म्हणाले. त्या रात्री मला झोप लागेना. उठले, दिवा न लावता भिंतीला दोन्ही हात टेकवले, श्वास धरला आणि सरकत सरकत दाराकडे निघाले. तीन पावलांवर श्वास सुटला. घरातली भिंत, पायाखाली फरशी, तरी सुटला. तू तिथं पाण्याखाली, अंधारात, रबराला हात लावून काय केलं असशील गं.

आता नीट वाच. हे पत्र तुला परत बोलवायला लिहिलेलं नाही. तू तेवढ्याच भीतीनं माझ्यापासून लपवलंस, हे मला कळतं. आई म्हणेल, पुरे झालं, ये घरी. पूर्वी म्हणालेही असते.

2019 चा ऑगस्ट आठवतो ना? तू पुण्याला हॉस्टेलवर, पहिलंच वर्ष. तुझा फोन आला तेव्हा मी म्हणाले, "पाणी अंगणापर्यंत आलंय, उतरेल." खोटं होतं ते. तेव्हा आम्ही शेजारच्यांच्या गच्चीवर होतो आणि आपल्या घराची चौकट पाण्याखाली गेली होती. 2005 ला पाणी जिथवर आलं होतं तिथं बाबांनी भिंतीत खिळा मारून ठेवला होता. त्या वर्षी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी 53 फूट 9 इंच झालं होतं आणि आपल्या हरिपूरच्या जमिनीखालच्या हळदीच्या पेवांत पाणी शिरलं होतं. त्याच्या वर कृष्णा काय येणार, असं आम्ही धरून चाललो. धोक्याची पातळी 45 फूट. 2019 ला कृष्णा 57 फूट 6 इंचांवर गेली. खिळा कधी बुडाला तेही कळलं नाही, कारण रात्री बुडाला.

आम्हाला न्यायला जवान आले ते नारिंगी रबरी बोट घेऊन. हे तुला मी कधी नीट सांगितलेलं नाही. गच्चीच्या कठड्यावरून त्या बोटीच्या फुगलेल्या कडेवर पाय ठेवला तर पाय आत दबला. ओलं रबर, बसलं की घसरायला होतं. कडेनं दोरी ओवलेली असते, तिच्यात मी चारही बोटं अडकवली. एक पोरगेला जवान सारखं म्हणत होता, "आई, दोरी सोडू नका." ओळखीच्या गल्लीतून चाललो होतो आणि माझ्या डोळ्यांसमोर पत्र्यांचे नुसते शेंडे येत होते. उतरल्यावर बोटं सरळ होईनात, बाबांनी एकेक करून सोडवली. दुसऱ्या दिवशी, 8 तारखेला, ब्रह्मनाळची होडी उलटल्याची बातमी आली. लहान लेकरंसुद्धा गेली त्यात. त्या दिवसापासून माझ्या मनात एकच होतं, माझी पोर कुठल्याही होडीत बसायची नाही.

आणि तू निवडलंस काय, तर तीच रबरी बोट.

त्या वेळी नेटवर्क आल्यावर तुझा फोन आला. तू ओरडलीस माझ्यावर, आयुष्यात पहिल्यांदा. म्हणालीस, "मला टीव्हीवर आपलं हरिपूर दिसलं, आई. तू खोटं बोललीस म्हणून मी दोन दिवस जास्त घाबरले. मला खरं सांगितलं असतंस तर मला निदान कळलं असतं की कशाची काळजी करायची." तेव्हा मला राग आला होता. आता तुझंच बोलणं तुला परत करते. मला दुसरीकडून कळलं, म्हणून मी जास्त घाबरले. तू आता जेव्हा जेव्हा "सगळं मस्त आहे" म्हणशील, तेव्हा मला वाटणार, काय लपवतेय ही.

तू गेल्यापासून मी या खेळाची माहिती गोळा केली आहे, तुला ठाऊक नसेल. कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलंय. स्प्रिंट म्हणजे छोटी शर्यत 100 गुणांची, हेड टू हेड म्हणजे दोन बोटींची झुंज 200, स्लॅलम म्हणजे टांगलेल्या दांड्यांच्या गेटांमधून 300, डाऊनरिव्हर म्हणजे लांब पल्ल्याची 400, मिळून 1000. म्हणजे लांब पल्ल्याच्या शर्यतीत दम टिकला तर बाकीचं भरून काढता येतं. स्लॅलमला लाल गेट प्रवाहाच्या उलटं चढून घ्यायचं, हिरवं प्रवाहाबरोबर. दांडीला नुसता स्पर्श झाला की 5 सेकंद वाढतात, गेट चुकलं की 50. दोन फेऱ्या, चांगली ती धरतात. ऑस्ट्रेलियातल्या टुली नदीवर जागतिक स्पर्धा झाली होती, तिचे व्हिडिओ मी मोबाईलवर बघितले. तीही 2019 चीच, मे महिन्यातली. तिकडे बायका लाल गेटासाठी बोट अशी गर्रकन फिरवतात की सगळ्या जणींचं एकच अंग आहे असं वाटावं. आपल्याकडे पूर यायला तेव्हा तीन महिने होते. या खेळाचं नावसुद्धा मी ऐकलं नव्हतं.

बाबा तुमचे व्हिडिओ आवाज मोठा करून ऐकतात. बघतात कमी. म्हणतात, वल्ही किती जोरात पडतात त्याला अर्थ नाही, सहा वल्ह्यांचा मिळून एक आवाज आला पाहिजे. तुमचा अजून दीड येतो, असं त्यांचं म्हणणं. उजवीकडची मधली मागे राहते. तिला पुढच्या मुलीच्या पाठीकडे बघून मारायला सांग, पाण्याकडे बघून नाही. हे त्यांनी होड्यांच्या शर्यतींत शिकलेलं. लग्न होऊन आले त्या वर्षी श्रावणात मी घाटावर उभी होते. कृष्णा दुथडी भरलेली, सांगलीवाडी, कवठेपिरान, डिग्रज, समडोळीच्या होड्या, काठावर ही गर्दी. तुझे बाबा तिसऱ्या फळीवर, कपाळाला गुलाल. मी ज्या ज्या शर्यती बघितल्या, त्यातल्या एकाही होडीत बाई बसलेली नव्हती, आणि ते मला तेव्हा खटकलंही नव्हतं. तुझ्या पाठीला तेलाचा डबा बांधून बाबांनी तुला पाण्यात सोडलं, तेव्हाही मी घाटावरून ओरडतच होते. म्हणजे तुला पोहायला शिकवायचं श्रेय मी घेऊ शकत नाही. पण आता तू त्या सहा जणींत बसलेली दिसलीस की मला घाटावरच्या त्या सगळ्या बायका आठवतात.

कोलाडच्या नदीबद्दलही एक वाचलं. मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याला खाली सोडून वीज करतात आणि तेच सकाळी कुंडलिकेत येतं, त्यावर तुमचा सराव. ते अडवलं नसतं तर मुळा नदीतून भीमेला आणि भीमेतून रायचूरकडे आपल्या कृष्णेलाच मिळालं असतं. तेव्हा तू अगदीच परक्या पाण्यात नाहीस, असं मी मनाशी धरून ठेवलंय.

एका गोष्टीचा मात्र मला राग आहे आणि तो मी गिळणार नाही. त्या दिवशी तुझ्या हेल्मेटचा पट्टा सैल होता, असं बाबा म्हणाले. राफ्ट उलटली हा पाण्याचा खेळ झाला, त्याला मी काही म्हणत नाही. पट्टा सैल राहिला हा तुझा हलगर्जीपणा. पाण्यात पडल्यावर पाठीवर व्हायचं, पाय वर आणि पुढे ठेवायचे, उभं राहायला जायचं नाही, हे सगळं तू मला पाठ म्हणून दाखवलंस आणि हनुवटीखालचं एक बक्कल नाही बघितलंस? यापुढे काठावरून निघायच्या आधी शेजारणीचा पट्टा तू ओढून बघ आणि तुझा तिला ओढायला लाव. पहिल्या सरावालाही आणि दमल्यावर शेवटच्या सरावालाही.

तू मला सांगायचंस म्हणते आहे, तर मलाही एक सांगायला हवं. तिकिटाचे सगळे पैसे बचत गटानं दिले असं मी तुला सांगितलं होतं. गटाचे निम्मे होते. निम्म्यासाठी बाबांनी मोटारसायकल विकली. गाडी दुरुस्तीला टाकली आहे, म्हणून ते सायकलनं जातात, असं मी दोनदा तुला म्हणाले, ते खोटं. हे वाचून तू लगेच पैसे परत करायच्या गोष्टी करशील, तर त्या करू नकोस. गाडी त्यांनी स्वतःहून काढली, मला विचारलंसुद्धा नाही. गिऱ्हाईक दारात आल्यावर मला कळलं. सीझन संपल्यावर जुनी एखादी बघू. सायकलनं त्यांचं पोट कमी झालंय, हेही खरं आहे.

तेव्हा आता माझ्याकडे लपवलेलं काही उरलं नाही. तू रविवारी फोन करशील तेव्हा मी जेवणाचं विचारायच्या आधी त्या दिवसाचं सांग, पहिल्यापासून. किती वेळ खाली होतीस, हाताला काय लागलं, बाहेर आल्यावर आधी कुणाचा चेहरा दिसला. मी मधे बोलणार नाही. रडले तरी फोन ठेवू नकोस, रडून झालं की मी ऐकते.

सगळ्या मुलींना माझे आशीर्वाद सांग. राखीव आहे त्या सातव्या मुलीला विसरू नकोस. काठावर उभं राहणं सोपं नसतं.

तुझी
आई

ता. क. पाच किलो भडंग उद्याच्या एसटीनं पाठवते. लसूण जास्त घातलाय, तिखट कमी. डब्याला आतून प्लॅस्टिक लावलंय, पण तंबूत दमट हवेला उघडा ठेवू नका, चिरमुरे मऊ पडतात. डबा परत आण, तो तुझ्या पोहण्याचा आहे.