स्पोर्ट्‌स कारचा गिअर आणि मुंबईची कोंडी

संपादक महोदय,
स्पोर्ट्‌स कार म्हणजे मॅन्युअलच, हा हट्ट मुंबईत महागात पडतो. सायनच्या कोंडीत अर्धा क्लच दाबून गाडी सरकवत राहिलं की क्लच प्लेट फ्लायव्हीलवर (इंजिनाच्या फिरत्या चाकावर) घासून तापते. आधी जळका वास येतो, मग चढावर आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) वाढतात, वेग मात्र तेवढाच.

पण ड्युअल क्लच ऑटोमॅटिक घेतली म्हणून सुटका होते असं नाही. त्यात सम आणि विषम गिअरांना वेगवेगळे क्लच असल्याने गिअर क्षणात बदलतो; मात्र ते क्लच कोरडे, म्हणजे तेलात न बुडलेले, असतील तर रांगत्या गर्दीत तेही तापतात, गाडी झटके देते. तेलातले क्लच किंवा टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून इंजिनाची ताकद पोचवणारा भाग) इथे जास्त टिकतात. कोरडा क्लच असेल तर पुढची गाडी चार-पाच मीटर सरकू द्यावी, मगच ब्रेक पूर्ण सोडावा. मागचे हॉर्न वाजवतीलच, वाजवू देत.

रोजच्या ऑफिसला ऑटोमॅटिकच बरी. फक्त रविवारी पहाटे घाटात काढणार असाल, तर मॅन्युअल खुशाल घ्या. जुनी घेताना मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये, कमी वेगात ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून पाहा. आरपीएम एकदम उसळले आणि गाडी तिथेच, तर क्लचचा खर्च किमतीतून वजा करून मागा.

– एक वाचक, माटुंगा